कोच सेडलाचेक यांच्या भिंतीवरचा रिकामा खिळा

व्हर्न सेडलाचेक यांनी नेब्रास्कातल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात सव्वीस वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवला आणि एकदाही राष्ट्रीय स्पर्धेत पाऊल ठेवलं नाही. एकदा मात्र ते अगदी उंबरठ्यापर्यंत पोचले होते. मी दिवसा कॉलेजच्या नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि सामन्याच्या दिवशी टेबलावर गुण लिहायची, त्यामुळे ते कसं हुकलं हे मला पक्कं माहीत आहे. आणखी एक गोष्ट मला माहीत आहे. ती कोचना शेवटपर्यंत कळली नाही.

आमचं कॉलेज दोन वर्षांचं. पोरगं नीट पास द्यायला लागलं, रागावर ताबा ठेवायला शिकलं, की त्याला मोठ्या विद्यापीठाच्या हवाली करायचं आणि पुन्हा नव्याने सुरुवात. दुसरा कोणी कंटाळला असता. कोच मात्र व्हॅन स्वतः चालवायचे, घामट जर्सी स्वतः धुवायचे, घोट्यांना पट्ट्या स्वतः बांधायचे. ऑगस्टमध्ये नव्या पोरांना घेऊन माझ्या खिडकीशी रांगेत उभे राहायचे. मी म्हणायची, "कोच, पुढच्या वर्षी तुम्हीच नाव नोंदवा, गणित तरी सुधारेल." ते म्हणायचे, "तुझ्या खिडकीतून पास होणं गणितापेक्षा अवघड आहे, बाई."

किती सामने जिंकले ते त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर फक्त फोटो होते, पुढच्या विद्यापीठात गेलेल्या पोरांचे, तिथल्या नव्या जर्सीत काढलेले. दर हंगामाच्या सुरुवातीला दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक पोराच्या नावाने ते त्याच्यासमोर एक खिळा ठोकायचे. म्हणायचे, "ही तुझी जागा. आता फोटो पाठवायचं काम तुझं."

लव्हेल गेन्स मेम्फिसहून आला होता. उंच, हाडकुळा, आणि तोंडाने असा फटकळ की विचारू नका. त्याला मावशीने वाढवलं होतं. दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती मावशी गेली. लव्हेल तीन आठवडे गावी राहिला आणि परत आला तेव्हा गणितात बुडणार हे स्पष्ट होतं. कोच फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. "गणित काढून टाक. पंधराची बारा क्रेडिट उरतात, खेळायला तेवढी पुरतात." त्यांनी स्वतः फॉर्म भरला, मी शिक्का मारला. त्या बारांत एक क्रेडिट बास्केटबॉलच्या सरावाचं होतं. ते फक्त दोनदा धरतात, तिसऱ्यांदा धरत नाहीत. लव्हेलचं ते तिसरं होतं. हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्यांचं डोकं त्या पोराच्या दुःखात होतं. माझं कुठे होतं कोण जाणे!

त्या हिवाळ्यात आमची पोरं हरायचीच विसरली. मार्चमध्ये विभागाचा अंतिम सामना जिंकला तेव्हा गावातल्या बायकांनी जिममध्ये पातेली भरून राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल आणले. कोच हातात रोल धरून नुसते उभे होते, खायचंच विसरले होते.

दोन दिवसांनी राष्ट्रीय स्पर्धेसाठी कागद पाठवताना मला दिसलं की लव्हेलची धरण्याजोगी क्रेडिट बारा नव्हे, अकराच आहेत. मी चार वेळा बेरीज केली. मग कागद घेऊन कोचकडे गेले आणि दार लावलं.

"कोच, हे आपल्या दोघांशिवाय कोणाला दिसणार नाही," मी म्हटलं. खरंच म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. "अक्षर माझं आहे, आर्लिस."

"बाकीच्या पोरांचं काय? तिथे मोठे कोच बघायला येतात. त्यांची हीच एक संधी आहे!"

"मी एकेकाला फोन करीन. भीक मागीन. पण त्यांना बारा महिने खरं बोला म्हणून सांगायचं आणि आता हे दडपायचं?" मग थांबून म्हणाले, "एक कर. कोणाच्या क्रेडिटचा घोळ आहे ते बाहेर जाऊ देऊ नकोस. त्या पोराच्या डोक्यावर आधीच एक मरण आहे."

मी शब्द दिला.

कोचनी चूक स्वतःच वर कळवली, आणि डिसेंबरपासूनचे सगळे विजय रद्द झाले, राष्ट्रीय स्पर्धाही गेली. कोचनी पोरांना एवढंच सांगितलं, "कागद मी चुकीचा भरला. चूक माझी, फक्त माझी." एका पोराने खुर्चीला लाथ मारली. कोणीही त्यांच्याशी हात मिळवला नाही. कोच बाकांवरच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत राहिले.

सोमवारी लव्हेल माझ्या खिडकीशी आला. कॅन्ससमधलं एक विद्यापीठ त्याला घ्यायला तयार होतं, त्यांना गुणपत्रिका हवी होती. मी ती छापत होते आणि हा काउंटरवर रेलून म्हणाला, "मिस आर्लिस, म्हाताऱ्याला साधा एक फॉर्म भरता येत नाही? पार वाट लावली आमची! असल्या माणसाला कोच कोण करतं?"

माझं डोकंच फिरलं.

"त्या म्हाताऱ्याने तो फॉर्म तुझ्यासाठी भरला होता," मी म्हटलं. "तू मावशीला पुरायला गेला होतास ना, तेव्हा! तुझं एक क्रेडिट कमी पडलं. तुझं! आणि तो सगळ्यांच्या शिव्या खातोय, तुझं नाव येऊ नये म्हणून."

त्याचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. तो हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे?"

"तसं नव्हे रे..." मी म्हणत होते, पण तो गेला होता. गुणपत्रिका काउंटरवरच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्याने गाव सोडलं.

दुसऱ्या वर्षाच्या बाकीच्या चौघांना कोचनी फोन करकरून विद्यापीठं मिळवून दिली. चौघांचे फोटो आले. पाचवा खिळा रिकामा राहिला. दर ऑगस्टला कोच मेम्फिसचा नंबर फिरवायचे, कधी भलताच माणूस उचलायचा, कधी कोणीच नाही. एका सुट्टीत गाडी घेऊन तिथे जाऊनसुद्धा आले. आल्यावर मला म्हणाले, "शेजारीण म्हणते, तो गोदामात लागला होता. आता कुठे आहे माहीत नाही. आणि खेळत नाही म्हणे." मी मान खाली घालून शिक्के मारत राहिले.

सांगायला मला सहा वर्षं मिळाली होती. दर ऑगस्टला सांगणार होते.

शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा दुपार होती. हात काडीसारखे झाले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "आर्लिस, त्या दिवसांत मी लव्हेलला काही टाकून बोललो होतो का गं?"

"नाही कोच. तुम्ही काहीच बोलला नव्हता."

"मग असा न सांगता का गेला?"

मी तोंड उघडलं. आणि म्हटलं, "पोरं असतात तशी."

"नाही," ते म्हणाले. "माझंच काहीतरी चुकलं असणार."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. ग्लासात पाणी भरलं आणि त्यांच्या हातात दिलं.