राणीच्या शेजघरातला बाक

गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास आला की मला व्हिएन्नाचा राजवाडा आठवतो. बाबा गेल्यावर मी आईला आमच्या गावाहून, फुलसावंगीहून, माझ्याकडे व्हिएन्नाला आणलं होतं, आणि तिनं आता कायमचं माझ्याकडेच राहावं असं माझ्या मनात होतं. त्या रविवारी सकाळपासून आम्ही दोघी सोनेरी भिंती, झुंबरं आणि एकामागून एक दालनं पाहत फिरत होतो. तिला हौस वाटत असेल म्हणून मी थांबत नव्हते, आणि माझी सुट्टी वाया जाऊ नये म्हणून ती गुडघा दुखतोय हे सांगत नव्हती. राणीच्या शेजघरात मात्र ती बाकावर मटकन बसली, पिशवीतून मलम काढलं आणि साडीआडून गुडघ्याला चोळत राहिली. मी शेजारी टेकले आणि विचारलं, "आई, इथंच राह्यशीन ना आता माह्यापाशी?" तिनं दोरीपलीकडच्या राणीच्या रिकाम्या पलंगाकडे बोट दाखवलं. "एवढ्या मोठ्या घरात हे बाई एकटीच झोपे का वं?" ती म्हणाली, आणि मग हळूच, "तू दिवसभर कामावर राह्यतं. मले गावाले नेऊन दे बाई. तिथं दार उघडलं का चार जनी विचारतात, चहा झाला का म्हनून." मला रडू आलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण शब्द मागे घेतला नाही. महिन्याभरानं मी तिला गावी सोडून आले. आता फोन लावला की आधी शेजारणींचा गलबला ऐकू येतो, आणि मग त्यांना दटावणारा आईचा आवाज, "थांबा वं जराशा, पोरीचा फोन हाये."