पाव वळण

इंदापूरहून बारामतीला जाणाऱ्या एसटीत मी उद्याचा धडा वाचत होतो, संमिश्र संख्यांचा. स्वतःलाच गुणलं की वजा एक देणारी संख्या. पोरं दरवर्षी विचारतात, "सर, अशी संख्या असती कुठं?" आणि मी फळा पुसायला लागतो.

शेजारी बसलेले तात्या ट्रॅक्टर चालवायचे. पुस्तकात डोकावून म्हणाले, "वजा म्हंजी उलटं तोंड न्हवं का?"

"व्हय. पण एकच संख्या दोनदा गुणून ते उलटं तोंड यायला पाहिजे."

त्यांनी ग्रीसनं काळा झालेला तळहात माझ्या पुस्तकावर ट्रॅक्टरसारखा चालवला. "नांगरताना बांध आला की डावीकडं काटकोनात वळायचं. परत तेवढंच वळलं की आलो तिकडं तोंड. दोन वळणांचं तुमचं वजा एक. मग एक वळण म्हंजी ती संख्या की!"

मी पुस्तकाच्या कडेला ते वळण काढून ठेवलं. विहिरीवरच्या मोटारीच्या विजेचं गणितसुद्धा याच पाव वळणानं करतात, हे सांगितल्यावर तात्या खूश झाले.

"तरी पुस्तकात हिला काल्पनिक म्हणतात," मी म्हणालो.

"काल्पनिक? मग रानात पाणी कुठनं येतंय?"

काटेवाडीला उतरताना ते वळले. "सर, एकाच रेघंवर मागंपुढं करून ती घावायची न्हाय. रेघ सोडावी लागती."

दुसऱ्या दिवशी मी फळा सोडला आणि पोरांना मैदानावर नेलं.