अक्कांची हरळी

समोर कोणी आलं की अक्का आधी त्याच्या हातांकडे बघायच्या. तोंडाकडे नंतर. हात रिकामे दिसले की शेजारचं गोणपाट पुढे सरकवायच्या, त्यावर एक खुरपं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बोला, पण हात चालू द्या."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे नुसतं सहज म्हणून जायची सोय नसते. जळगावात मेहरूणच्या अंगाला आमची कॉलनी होती, आणि तिथं ते माणूस म्हणजे अक्का. साठीच्या आसपास वय, काटक अंग, फिक्या रंगाचं सुती पातळ आणि खांद्यापाशी पिनेनं अडकवलेलं घड्याळ. धुळ्याच्या एका इस्पितळात त्या मेट्रन होत्या. निवृत्त झाल्यावर आमच्या समोरचं लहानसं घर घेऊन एकट्याच राहायला आल्या. घरात बुद्धाची छोटी मूर्ती, एक लोखंडी पलंग आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केलेल्या चादरी. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर म्हणायच्या, "ड्यूटी संपली की करणार होते. संपलीच नाही."

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा होती. कॉलनी नवी होती तेव्हा लोकांनी हौसेनं तिथं लॉन केलं होतं, मध्ये सिमेंटचा बगळा उभा केला होता. पुढे कोणाची हौस कुठे गेली आणि कोणाची कुठे, पण जागेकडे बघायला कोणी उरलं नाही. ऐंशीचं दशक संपत आलं तोवर तिथं पुरुषभर गाजरगवत माजलं होतं, खाली आघाडा, टाकळा आणि चपलेतून टोचणारं गोखरू. पावसाळ्यात बगळ्याची चोच तेवढी वर दिसायची. आम्ही सगळे वळसा घालून जायचो आणि नगरपालिकेला नावं ठेवायचो.

अक्कांनी आल्याच्या आठवड्यात तिथं एक फेरी मारली, वाकून दोन-चार ठिकाणी गवत बाजूला केलं आणि जाहीर केलं, "पेशंट बरा होण्यासारखा आहे."

दुसऱ्या दिवसापासून हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, नाकावर पदर घेऊन त्या बसल्या. गाजरगवतानं अंगाला खाज सुटते, म्हणून आमच्यातलं कोणी आधी फिरकलं नाही. पण अक्का दिवसभर तिथंच असायच्या, त्यामुळे त्यांच्याकडे काही काम निघालं की तिथं जाणं भाग होतं, आणि गेलं की गोणपाट पुढे यायचंच. इंजेक्शन द्यायला बोलवायला आलेले, साखर मागायला आलेले, पत्ता विचारायला आलेले, सगळे उपटायला बसले. एकदा कापडवाले शेठजी आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला टिळा. थोरल्या मुलानं बोलणं टाकलंय, हे त्यांना कोणालातरी सांगायचं होतं.

"बसा," अक्का म्हणाल्या.

"बहनजी, माझं धोतर..."

"धोतर धुता येतं. बोला, पण हात चालू द्या."

शेठजी बसले. पुष्कळ वेळ बसले. उठले तेव्हा धोतराची रया गेली होती, पण माणूस हलका दिसत होता. अक्कांनी त्यांना सल्ला वगैरे काही दिला नसावा. दोघांच्या माना खाली, नजर मातीत, त्यामुळे तोंडावर सांगता येत नाही ते माणूस गवताला सांगून टाकायचा. इस्पितळातही अक्का असंच करत असणार, असं मला वाटतं.

माझ्या घरी मात्र बोलणंच थांबलं होतं.

त्या वैशाखात माझ्या बायकोचं, शोभाचं बाळंतपण झालं. मुलगी झाली, पण ती रडली नाही. मातीला मी आणि माझा मोठा भाऊ गेलो. शोभा घरी आली ती गप्पच. रडली असती तर बरं झालं असतं, पण तेही नाही. स्वयंपाक करायची, माझा डबा भरायची, बँकेतून आलो की चहा पुढे ठेवायची. विचारलं तर "हं", नाहीतर तेही नाही. तिच्या आईनं नवस बोलून पाहिले. मी सिनेमाची तिकिटं आणली, ती खिशातच राहिली. रात्री घरात दोन माणसं असून भिंतीवरच्या घड्याळाचाच आवाज यायचा. मला भीती वाटायची की ही आता अशीच राहणार.

अक्कांना हे सगळं दिसत होतं. पण त्यांनी शोभाला कधी बागेत बोलावलं नाही. मला ते लागायचं. सगळ्या जगाला बसवता आणि हिलाच का नाही?

श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आठवड्यात, अक्कांना धुळ्याहून त्यांची जुनी ट्रंक आणायची होती. सोबतीला मी गेलो. परतताना बसमध्ये ट्रंक पायाशी घेऊन बसलो होतो, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "तिला मी बोलावलं नाही, कारण आजवर तिथं फक्त उपटायचं काम होतं. तिच्या हातून आणखी काही उपटून घ्यायचं नव्हतं मला."

बस वळली तशी मी घसरणारी ट्रंक पायानं अडवली.

"पण आता बघ," अक्का म्हणाल्या. "गाजरगवत निघालं तसं खाली काय दिसलं माहितेय? जुनी हरळी. लॉनची. बगळ्याच्या भोवती चांगली चटईएवढी आहे. इतकी वर्षं त्या रानाखाली उन्हाशिवाय जगली. उद्या शोभाला घेऊन ये. मी काही बोलणार नाही. तिला फक्त तिथं पाणी घालू दे."

पारोळ्यापर्यंत त्या त्याच तुकड्याबद्दल बोलत होत्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता आमच्या कॉलनीतली माणसं कोण होती, हे सांगायला हवं. नोकऱ्या शहरातल्या, पण सगळी शेतातून आलेली. त्यांत नाना सर्वांत वडील. धुळ्याकडच्या खेड्यातले, एस.टी.तून निवृत्त झालेले, पण अजून आभाळाकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी बघणारे. अक्का धुळ्याला निघाल्या तेव्हा नानांना एवढंच म्हणाल्या होत्या, "मी येईपर्यंत जरा साफ करून ठेवा."

आम्ही परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. नाना कमरेवर हात ठेवून उभे, बाजूला आणखी चार-सहाजण घामाघूम. आणि समोरची जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीभोर, पेरणीला तयार केलेल्या वावरासारखी. बगळा एकटाच उभा.

"देखा अक्का!" नाना म्हणाले. "बठ्ठी हरयी काढी टाकी. खणीसन काढी. आते एक मूय सापडाव नही!"

शेतकऱ्याच्या हाताला हरळी दिसली की तो हात थांबत नाही, हे तुम्ही शेतात वाढला असाल तर जाणताच. लॉन म्हणजे हरळीच हे नानांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी गाजरगवताचे चार खुंट तसेच ठेवले होते, पण हरळी मात्र कुदळ लावून, मुळापासून, जन्माचं वैर असल्यासारखी काढली होती. ढीग नळाच्या कोपऱ्यात टाकला होता.

अक्कांनी चपला काढल्या, अनवाणी त्या काळ्या मातीत चार पावलं गेल्या आणि परत आल्या. मला वाटलं आता नानांची धडगत नाही. पण त्या ट्रंकही न उचलता घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

ती हरळी कोणासाठी राखली होती, ते मी नानांना हळू आवाजात सांगितलं. नानांनी कमरेवरचे हात खाली घेतले. "आरे देवा," म्हणाले, "मी तं भलं कराले गयथू."

मग पाऊस लागला. अक्का बागेकडे फिरकल्या नाहीत. गोणपाटं ओट्यावर भिजत पडली. नाना दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. मला नानांचा राग येत होता आणि दयाही, आणि घरी तीच शांतता. शोभाला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगणार काय, की तुझ्यासाठी राखलेलं होतं तेही गेलं?

पाऊस उघडला त्या सकाळी मी अक्कांच्या ओट्यावर बसलो होतो. ट्रंकेचं कुलूप उघडत नव्हतं म्हणून त्यांनी बोलावलं होतं. तेवढ्यात नळाकडून शोभा येताना दिसली. हंडा तिथंच ठेवून आली होती. पातळाला चिखल, केस सुटलेले, आणि ओंजळीत चिखलानं माखलेला मुळांचा गुंता. मी उठलो. ती माझ्याकडे न बघता सरळ अक्कांपुढे आली.

"अक्का," ती म्हणाली. आवाज बसला होता, कितीतरी दिवसांत वापरला नव्हता ना. "ही टाकून दिली होती. कोपऱ्यात. बघा, ही जगली."

त्या काळ्या गुंत्यातून बारीक हिरवे कोंब निघाले होते. जिथं पेर तिथं कोंब.

अक्कांनी नेहमीप्रमाणे आधी हातांकडे बघितलं. "ही जगली, अक्का," ती पुन्हा म्हणाली, आणि मग तिसऱ्यांदा म्हणायला गेली ते जमलंच नाही. वैशाखापासून अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. अक्कांनी तिचे हात चिखलासकट आपल्या हातांत धरले आणि म्हणाल्या,

"बोल पोरी. हात राहू दे आता."

मी ट्रंकेची किल्ली हातात घेऊन उभा होतो. मला कोणी जायला सांगितलं नाही, पण मी गेलो. घरी येऊन स्वयंपाकघरात बसलो आणि मीही रडून घेतलं. इतकं मोकळं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं! समोरच्या घरातून शोभाचा आवाज येत होता, मध्येच हुंदका, पुन्हा आवाज. त्या दिवशी मी बँकेत उशिरा गेलो आणि साहेबांची बोलणी हसत खाल्ली.

पुढचं काम नानांनी अंगावर घेतलं. "ती मरस का, अक्का?" ते म्हणाले. "आम्हना बापनी जिंदगी गयी तिले काढता काढता. वखर मारा का एकना धा तुकडा, आनि तुकडा तितला कोंब!" मग तोच उपाय ठरला. कॉलनीतल्या साऱ्या विळ्या बागेत आल्या. भाजी चिरावी तशी बायकांनी हरळी चिरली. नानांनी शेण आणि माती पातळ कालवली, त्यात ते तुकडे टाकले आणि अंगण सारवतात तसं सगळं मैदान सारवून काढलं. शेठजींनी दुकानातली गोणपाटं दिली, ती ओली करून वर पसरली. आपल्या हातानं हरळी लावताना नानांचा चेहरा बघवत नव्हता. मधूनच वर बघायचे आणि म्हणायचे, "बाप वरतून देखत व्हई."

"मग बोला त्यांच्याशी," अक्का म्हणायच्या, "पण हात चालू द्या."

शोभा तिथं रोज असायची. पाणी तीच घालायची. एका संध्याकाळी मी घरी आलो तर चहा नव्हता, कुलूप होतं, आणि बागेतून तिचं हसणं ऐकू येत होतं. चहा न मिळाल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

दिवाळीला सगळीकडे हिरवं झालं. मार्गशीर्षात नेहमीची भरीत पार्टी ठरली, तेव्हा नव्या लॉनवर जाळ करायची कोणाचीतरी कल्पना निघाली. अक्कांनी नुसतं बघितलं. कपाशीच्या काड्या रस्त्यावर पेटल्या, वांगी तिथंच भाजली. पंगत मात्र बागेत बसली. कोणी सतरंजी आणली होती, ती अक्कांनी परत पाठवली. "एवढं कशासाठी केलं?" म्हणाल्या. आम्ही सगळे चपला काढून थंड गवतावर बसलो, भरीत-पुरी खाल्ली, आणि नाना बोटांनी हरळी चाचपत होते. त्यांच्या हातांना उपटू नये म्हणून सांगावं लागत होतं.

पुढे आम्हाला मुलगी झाली. ती मात्र सारं इस्पितळ डोक्यावर घेईल अशी रडली. घरी आणलं तेव्हा अक्का बघायला आल्या. सगळे बाळाचं नाक कोणावर गेलं ते बघत होते. अक्कांनी दुपटं सारून आधी तिचे हात बघितले, मुठीत आपलं बोट दिलं, ओढून पाहिलं. "पकड चांगली आहे," म्हणाल्या, आणि एवढ्यावरच समाधान मानून घरी गेल्या.

अक्कांचे गुडघे अगदीच वाकेनासे झाले तेव्हा भाची त्यांना धुळ्याला घेऊन गेली. निघताना खुरपं त्यांनी शोभाकडे दिलं, घड्याळ मात्र खांद्यावर ठेवलं. काही वर्षांनी हिवाळ्यात भाचीचा फोन शेठजींच्या दुकानावर आला. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही.

शेठजींनी मला बँकेत निरोप पाठवला. शोभाला कसं सांगायचं, ती पुन्हा गप्प झाली तर, या विचारात मी घरी आलो. घराला कुलूप होतं. तिला आधीच कळलं होतं. ती बागेत होती, बगळ्यापाशी, गोणपाटावर. मी जवळ गेलो. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि थोडी बाजूला सरकली.

मी बसलो. गवतात कुठे कुठे गोखरू उगवलं होतं, ते शोधून काढू लागलो. शोभा बोलायला लागली. अक्कांबद्दल, त्या सकाळबद्दल, आमच्या न रडलेल्या मुलीबद्दलही, जिचं नाव तिनं मनात ठेवलं होतं आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलं. अंधार पडेपर्यंत ती बोलत होती. माझे हात चालू होते.