पंचायतीच्या नावेचं कुलूप

आता जे सांगतोय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. तिच्यापासून मी फारसं काही लपवलं नाही. चोरून विडी ओढायचो तेही तिला माहीत होतं. पण हे तेवढं राहिलं. सांगायला तोंड उघडलं की दरवेळी भलतंच काहीतरी बोलायचो, शेतीचं, पोरांचं, आणि वेळ निघून जायची. ती गेली. मग सांगायचं तरी कुणाला?

आमचं गाव गोदावरीच्या काठावर. आम्ही गंगा म्हणतो. पलीकडच्या काठावरून पूर्णा गावाला पायवाट जाते आणि पूर्णेला रेल्वे. पूल फार उशिरा झाला. मी सांगतोय ते सत्तरच्या पुढच्या वर्षांतलं, तेव्हा पावसाळ्यात पलीकडं जायचं म्हणजे पंचायतीची नाव, दुसरा मार्ग नाही. गावचा भोई ती नाव चालवायचा. काम संपलं की घाटाच्या दगडात रोवलेल्या लोखंडी खुंट्याला साखळीनं बांधायचा आणि मुठीएवढं पितळी कुलूप घालायचा.

माझे वडील महादेवाच्या देवळातले गुरव. मी मॅट्रिक झालो आणि पाटलांनी मला पंचायतीत कारकून म्हणून ठेवून घेतलं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. नोकरी कुणाची मेहेरबानी होती, एवढं कळावं म्हणून.

आणि लिंबाजी — लिंबाजी बौद्धवाड्यातला. शाळेत आम्ही बरोबर होतो. गंगेत पोहायला मला त्यानंच शिकवलं, पोटाखाली हात धरून. पुढे तो पूर्णेला रेल्वेत टेंपररी खलाशी लागला. त्याची धाकटी बहीण शकुंतला. बौद्धवाड्यातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. तिला नांदेडला नर्सिंगच्या मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा लिंबाजी रजा टाकून तिला न्यायला गावात आला होता. चेहरा असा, जणू स्वतःच पास झालाय.

त्या साली पोळ्याला बौद्धवाड्यातून हलगी वाजवायला कुणी आलं नाही. आम्ही बुद्ध झालो, आता ही कामं आमची न्हाईत, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. बैल मुकेच फिरले. गावाला ते लागलं. पाटील मात्र कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी भोयाला लेकीच्या गावाला पाठवून दिलं आणि मला बोलावलं. अंगणात कणगीजवळ उभे होते.

"त्यांला आमची गरज न्हाई म्हणत्यात," ते म्हणाले. "मग आमची नाव तरी कशाला पायजे?" आणि नावेची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुझ्यापाशी राहू दे. कुणी इचारलं तर हरवली म्हण. चार दिवसांत डोकं ठिकाणावर येईल सगळ्यांचं."

मी हो म्हणालो. किती सहज म्हणालो! किल्ली करदोड्यात ओवली, वरून धोतराचा कासोटा आवळला आणि घरी येऊन भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेलो. कशाला गेलो? घरात बसून राहिलो असतो तरी चाललं असतं. पण गेलो.

गंगा दोन्ही काठ धरून चालली होती, गढूळ. मुलाखत त्याच दिवशी होती. शकुंतला पत्र्याच्या पेटीवर बसली होती, डोक्यावर छत्री. तिची आई शेजारी उभी. लिंबाजी खुंट्यापाशी उकिडवा बसून कुलूप उलटंपालटं करत होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"बरं झालं तू आलास. भोई गावात न्हाई. पाटलाकडं गेलतो, तर किल्ली हरवलीय म्हणायलेत. तुझ्याकडं तर न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणालो.

बस्स. एवढाच शब्द. त्यानं पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता त्याचा, दुसऱ्यांदा विचारायची गरज त्याला वाटली नाही.

मग त्यानं काय काय केलं ते मी सगळं पाहिलं. बौद्धवाड्यातून मिळतील तेवढ्या किल्ल्या आणल्या, पेटीच्या, कपाटाच्या. एकही लागली नाही. घासलेट ओतून तार फिरवली. तार आतच मोडली. दगडानं ठोकलं तर कुलूप नुसतं उड्या मारायचं. साखळी जाड, खुंटा दगडात पक्का. लोहाराकडं गेला, लोहार म्हणाला, भाता फाटलाय. शेवटी घरून कानस घेऊन आला आणि लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा एक तुकडा. रेल्वेतला असावा. त्याला हाताशी चिंधी गुंडाळली.

"कुलूप हलायलंय," तो म्हणाला. "जरा धरतोस का?"

आणि मी धरलं.

हे समजून घ्या. मी त्याच्यासमोर बसलो, कुलूप सपाट दगडावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. तो कुलपाची कडी कापू लागला. मी वाकलो की किल्ली माझ्या पोटाला टोचायची. किल्लीच्या आणि कुलपाच्या मध्ये एक हातभर अंतर होतं — आणि तो घाम पुसत कापतोय, पातं तापलं की पाण्यात बुडवतोय, पुन्हा कापतोय. पितळी कुलूप, पण कडी पोलादाची. पातं नुसतं घसरायचं. मग कानसीनं खाच पाडायची आणि त्या खाचेत परत पातं.

"दादा, गाडी जाईल," शकुंतला एकदा म्हणाली.

"जाऊ दे. दुसरी येईल."

थोड्या वेळानं ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "शंकरभाऊ, हात दुखला असंल तुमचा. मी धरू का थोडं?"

मी नको म्हणून मान हलवली आणि आणखी घट्ट धरलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की पाटलांचा गडी वरच्या पायरीवर बसून पाहत होता, म्हणून माझा नाइलाज झाला. गडी होता, खरं आहे. पण तो पहिल्या घटकेतच कंटाळून उठून गेला होता. त्यानंतर घाटावर आम्हा चौघांशिवाय कुणी नव्हतं. चिखलात हात घालून "अरे, ही बघ सापडली" म्हणायचं, एवढंच करायचं होतं मला. तसं मनात आलंही. एकदा नाही, अनेकदा आलं. पण करदोड्यातून किल्ली सोडवताना कुणी पाहिलं असतं, तर आधी खोटं बोललो हे उघड झालं असतं, त्याच्यासमोर, तिच्यासमोर. त्या लाजेपेक्षा मला कुलूप धरणं सोपं वाटलं. पाटलांची भीती होतीच. पण त्या दिवशी घाटावर मी लिंबाजीलाच जास्त भ्यालो.

कडी तुटली तेव्हा लिंबाजी हसला. माझ्या पाठीवर थाप मारली. मग पेटी नावेत ठेवली, मायलेकींना बसवलं आणि स्वतःच बांबू रेटत निघाला. नाव ओढीनं खाली खाली जात, बऱ्याच लांबवर पलीकडं लागली. शकुंतलेनं तिथून हात केला. मीही केला.

सकाळची गाडी गेली होती. ते नांदेडला पोचले तोवर नावं पुकारून झाली होती. तिचं ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती लागली, पण एक वर्ष ती उन्हात लोकांच्या कापसात राबली. मी बांधावरून जाताना तिला पाहायचो.

किल्ली मी त्याच दिवशी पाटलांना परत दिली. त्यांनी ती कोनाड्यात टाकली. मग ठाण्यात तक्रार गेली, सरकारी कुलूप तोडल्याची. लिंबाजीला बोलावून घेतलं. कुलूप दोघांनी मिळून तोडलं, दुसरा कोण, असं त्याला विचारलं. एकाच्या हातानं असं कापता येत नाही, हे त्यांनाही कळत होतं. तो म्हणाला, "मी एकट्यानंच तोडलं." पुन्हा विचारलं, तरी तेच. कसं विचारलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. परत आला तेव्हा एका पायानं लंगडत होता आणि ते लंगडणं शेवटपर्यंत राहिलं. रेल्वेनं टेंपररी माणसाला पुन्हा बोलावलं नाही. पुढची कित्येक वर्षं त्यानं पूर्णेच्या स्टेशनबाहेर पोती वाहिली.

तो ठाण्यातून परत आला तेव्हा मी त्याला भेटायला गेलो होतो. तो बाजेवर पडून होता. मला म्हणाला, "तुझं नाव घेतलं न्हाई मी. तू घाबरू नको." मी म्हणालो, "बरं झालं."

पण खरं सांगायचं ते हेसुद्धा नाही. खरं पुढंच आहे.

लिंबाजीनं ही गोष्ट आयुष्यभर लोकांना सांगितली. आपल्या लंगड्या पायाची नाही, माझी. अख्ख्या गावानं पाठ फिरवली तेव्हा एक गुरवाचा पोरगा आमच्यासोबत घाटावर बसला, असं सांगायचा. त्याच्या पोरांच्या लग्नांत मला पुढं बसवलं. मीही पुढं पूर्णेला राहायला आलो, तर त्याच्या घरचं कुणी ना कुणी सणावाराला डबा घेऊन यायचं. त्याच्या नातवंडांना मी "शंकरबाबा". आणि मी — मी ते सगळं घेतलं. पहिल्यांदा घेताना कडू लागलं. नंतर नंतर गोड लागायला लागलं. हळूहळू मीही ती गोष्ट सांगू लागलो. माझ्या मुलाला मी ती सांगितली आहे, कडी कापताना हात कसे सुन्न झाले तेही. तो बापाचा अभिमान बाळगतो.

दोन हिवाळ्यांमागे लिंबाजी गेला. मृत्यूनंतरच्या जलदानाच्या कार्यक्रमाला शकुंतला आली होती, सिस्टर म्हणून निवृत्त झालेली, केस पांढरे, आवाज खणखणीत. तिनं उठून पुन्हा तीच गोष्ट सांगितली. त्या दिवशी आमच्या बाजूनं गावातला एकच माणूस होता आणि तो आज इथं बसलाय, असं म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी उठलो. समोर लिंबाजीचा फोटो होता, हार घातलेला. "लिंबाजी माझा मित्र होता," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं मला भरून आलंय. कुणीतरी पाणी आणून दिलं. नंतर पंगत बसली, शकुंतलेनं स्वतः मला वाढलं, आणि मी पोटभर जेवलो.

ती आता पूर्णेतच राहते, माझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून. संध्याकाळी फिरायला जाताना मी तिच्या दारावरूनच जातो. ती ओट्यावर बसलेली असते. "या शंकरभाऊ, चहा घेऊन जा," म्हणते. मी जातो, बसतो, चहा घेतो आणि घरी येतो.