कसूर माझाच

१२ मार्च. गच्चीवर चादरी वाळत घालत होते. एका चादरीत विरळ जागा दिसली आणि अंगठा आपोआप तिच्यावर गेला. ही लकब माझी नाही, शेजारच्या काकांची.

काका मिलमध्ये विणकर होते. त्यांच्या खात्यात पद्धत अशी, की तपासणीत कापडात दोष निघाला तर विणणाऱ्याने त्यावर अंगठा ठेवायचा आणि म्हणायचं, "कसूर माझा." मग मुकादम ओरडत नसे.

तुम्ही-आम्ही कसूर म्हणतो ती कामातल्या हयगयीला. काका कशालाही म्हणत. आमचं दूध नासलं तरी, "कसूर माझाच ताई, डेअरीतून मीच आणलं ना."

"म्हशीचा काहीच नाही?"

"ती बेचारी काय करेल?"

त्यांच्या लेकीचं लग्न झालं, तेव्हा जावयाला देवासला पक्की नोकरी होती. ती सोडायला लावून काकांनी त्यांना आपल्या मिलमध्ये चिकटवलं. लेक जवळ राहावी, एवढाच स्वार्थ. थोड्याच वर्षांत मिलला टाळं लागलं. जावई गावाबाहेर राऊला बिऱ्हाड करून टेम्पो चालवू लागले.

लेक सणासुदीला जेवायला बोलवायची. काका जात नसत. ती भेटायला आली, की काका लालबागेच्या बगिच्यात जाऊन बसत.

"अहो, मिल काय तुम्ही बंद केली?" मी एकदा चिडलेच.

"मिल नाही, ताई. पण माणूस तर मीच आणला."

"गावातल्या सगळ्याच मिला बसल्या. जावईबापू मजेत आहेत, हसत टेम्पो हाकतात."

"हसतात, तेच बघवत नाही. शिव्या देतील तर जाईन मी."

जावयांनी शिव्या दिल्या नाहीत. काका गेले नाहीत.

एका थंडीत ते झोपेतच वारले. स्मशानातून मंडळी परतली, तेव्हा लेक ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"मावशी, बाबा माझ्यावर कशासाठी नाराज होते?"

"तुझ्यावर नाही गं. स्वतःवर."

ती म्हणाली, "तर मग सजा मला का दिली?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिठलं-भात करून काकांच्या घरी नेला. जावयांना आधी वाढलं, मग तिला. दोघांची पानं रिकामी होईपर्यंत तिथून हलले नाही.