मास्तरांनी शिवलेला राखाडी कोट

मंगळवार, १४ नोव्हेंबर. सकाळपासून ढग. अकराला पडद्यांचं कापड घेऊन खाली टेलर मास्तरांकडे गेले. मशीन बंद होतं. खुनाच्या खटल्यातल्या 'चौथ्या' आरोपीची बायको आली होती.

मास्तरांचं दुकान आमच्याच इमारतीत, तीस वर्षं. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या आणि नजर गिऱ्हाइकाच्या खांद्यावर. तोंडाकडे ते बघतच नाहीत. मला म्हणायचे, "काकू, पाठमोऱ्या गेलात तरी ओळखीन. डावा खांदा रुसलाय तुमचा."

दोन वर्षांपूर्वी भर दुपारी दुकानासमोर चौघांनी गॅरेजवाल्याला लोखंडी पाइपने मारून टाकलं. पाहणारे एकटे मास्तर. तिघे कोर्टात म्हणाले, पाइप गॅरेजवाल्यानेच उगारला, आम्ही फक्त जीव वाचवला. मास्तरांनी सांगितलं, त्याच्या हातात जेवणाचा डबा होता, दुसरं काही नाही. चौथ्याला त्यांनी पाठीवरच्या राखाडी कोटावरून ओळखलं. तो म्हणाला, मी तिथे नव्हतोच; तो कोट मावसभावाला कधीच देऊन टाकलाय. मावसभावाने कानावर हात ठेवले.

"याचा चेहरा पाहिलात?" आरोपींच्या वकिलाने चौथ्याकडे बोट करून विचारलं.

"पाठ पाहिली, साहेब. कोट मी शिवलेला आहे."

"वा! उद्या धोबीही साक्षीला येतील."

कोर्ट हसलं. पण न्यायाधीशांनी मास्तरांवर विश्वास ठेवला. चौघांना जन्मठेप.

मावसभाऊ आता गाव सोडून गेलाय. त्याने मागे टाकलेल्या ट्रंकेत सापडलेला तो कोट आज चौथ्याच्या बायकोने टेबलावर पसरला. दोन्ही बाजू उसवून दोन बोटं सैल केलेल्या. टाके परक्या हाताचे.

"आमचे हे कधी जाड होते का हो, मास्तर?"

मास्तर शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. "त्या दिवशी पाठ भरलेली दिसली. म्हटलं, खाऊनपिऊन सुटलाय. ओळख परेडला हडकुळा दिसला, तर म्हटलं, कोठडीत वाळला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, मी माणूस ओळखलाच नाही. कोट ओळखला."

तीन वाजता कोट घेऊन आम्ही सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"जबाब लिहून देता येईल. पण अपील चालू आहे. एकाबाबत चुकलात, तर बाकीचे विचारणार, तो डबाच होता कशावरून? ते सुटूही शकतात."

"आणि हा चौथा?" मास्तरांनी विचारलं.

"त्याचं काही सांगता येत नाही. कोट नंतर सैल केला, असंही म्हणता येईल."

मास्तरांनी सही केली.

परतलो तेव्हा गॅरेजवाल्याची आई समोरच्या पायरीवर बसली होती. कुणीतरी तिला आधीच सांगितलं होतं.

"मास्तर, माझ्या लेकाच्या हातात डबाच होता ना रे?"

"डबाच होता, आजी."

"मग परत एकदा सांगशील ना त्यांना?"

"सांगीन."

"ऐकतील?"

मास्तरांनी आत जाऊन शटर ओढलं.

संध्याकाळी पडद्यांचं कापड न कापता परत आलं. बैठकीच्या खिडकीला जुनी चादर लावली.