साडेअकराच्या गाडीला न आलेल्या बाई

ते प्रकरण आठवलं की आजही माझ्या मुठी आवळल्या जातात. नोकरीत खून, दरोडे सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं निवृत्तीबरोबर मागे पडलं. हे पडलं नाही. यातली नावं मी सांगणार नाही, गावाचंही नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळची हजेरी चालू असताना एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. तलावाच्या काठाला बाईचं प्रेत आहे.

"गावची नाही, सायेब. ते यवतमाळची, पक्षी पाह्याले येते ना, ते हाय."

बाई बासष्ट वर्षांच्या. सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं, धाकट्या भावाकडे राहत. दर रविवारी पहिल्या एसटीनं निघायचं, जंगलाजवळच्या एखाद्या फाट्यावर उतरायचं, पायवाटेनं तलावापर्यंत चालत जायचं आणि ठरलेल्या गाडीनं परतायचं, असा त्यांचा नेम. कोणत्या फाट्यावर कोणती गाडी थांबते, वाट कुठून फुटते, नाला कुठे ओलांडायचा, हे त्यांनी एका वहीत लिहून ठेवलं होतं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही जंगल पाहता यावं म्हणून ती वही छापायचा त्यांचा विचार होता. आदल्या संध्याकाळी त्या घरी न आल्यानं भावानं शहरात बेपत्ता असल्याची तक्रार दिली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्या गुडघाभर पाण्यात, लव्हाळ्यात पालथ्या पडलेल्या होत्या. पाठीवर सॅक, गळ्यात दुर्बीण. काठावर पंधरा-वीस माणसं.

"पाय घसरला असन, सायेब," माझा हवालदार म्हणाला. "अकस्मात मृत्यूचा मर्ग दाखल करून टाकू."

काठावरच्या प्रत्येकानं तेच सांगितलं. पाय घसरला. माझा अनुभव असा, की न विचारता दहा माणसं एकच कारण सांगू लागली तर ते कारण त्यांना कोणीतरी दिलेलं असतं. महिला शिपायानं पंचनाम्याच्या वेळी पायाचं कापड वर केलं. डाव्या नडगीवर रुपयाएवढा काळा डाग होता, भाजल्याचा.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा अहवाल आला. फुफ्फुसात पाणी नाही, मृत्यू विजेच्या धक्क्यानं. तलावात वीज नव्हती. म्हणजे बाई दुसरीकडे मेल्या आणि कोणीतरी त्यांना पाण्यात आणून टाकलं.

सॅकमधल्या वहीत शेवटची नोंद होती: 'सव्वासात. दुसरा नाला ओलांडला.' त्या नाल्यापासून तलावापर्यंतची वाट जंगल आणि गावातल्या एका बड्या शेतमालकाचं वावर यांच्यामधून जाते. आम्ही ती इंच न इंच पाहिली. तार सापडली नाही. गावात विचारलं तर तार कशी असते हेच जणू कोणाला माहीत नव्हतं. मालकानं चहा पाजला आणि जबाबही दिला. रविवारी तो घराबाहेर पडलाच नव्हता म्हणे.

तीन दिवस असेच गेले. गुरुवारी दुपारी एसटीचा एक वाहक खाकी गणवेशातच ठाण्यात आला.

"सायेब, रविवारी साडेअकराची गाडी माह्यी होती," तो म्हणाला. "बाई नेहमी त्याच गाडीनं जाते. फाट्यावर दिसली नाही त मी दोन मिनिटं थांबतो. त्या दिवशी एक माणूस उभा होता. म्हणे, बाई जीपनं गेली, सोडा गाडी. म्या घंटी देल्ली." त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "पेपरात वाचलं तवापासून जेवन जात नाही."

तो माणूस त्याच्या ओळखीचा होता. त्याच शेतमालकाचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी.

सालदाराला ठाण्यात आणलं, बसवलं, पाणी दिलं. मी एकच प्रश्न विचारला. "बाई जीपनं गेली हे तुला कोणी सांगितलं?" मी बाकीच्यांना बाहेर काढलं आणि पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो रडायला लागला.

"मालकाकडं पावणे आले होते. त्याइले हरणाचं मटण पाह्यजे होतं. वाटंवर नेहमीसारखी तार लावली, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून करंट देल्ला. पाच वाजता बंद कराची होती. मालक म्हणे राहू दे, उजेडापर्यंत पडन काहीतरी."

"मग?"

"ओरडणं आलं. म्या करंट बंद केला, पयत गेलो."

"बाई मेली होती?"

"नाही, सायेब. श्वास चालू होता. पाणी मांगून राह्यली होती."

"मालकाकडे गाडी होती?"

"दोन होत्या आंगनात. मालक म्हणे, दवाखान्यात नेलं त सगळेच फसू. तिथंच बसून राह्यला. श्वास बंद पडला, मंग उचललं. मले फाट्यावर धाडलं, बाई जीपनं गेली असं सांग म्हणे."

मी उठून ठाण्याच्या मागे गेलो. तिथे जप्तीच्या मोटारसायकली गंजत उभ्या असत. त्यांच्यात मी बराच वेळ उभा राहिलो. आरोपीवर हात उचलायचा नाही हा नियम मी सगळ्या नोकरीत पाळला. त्या दिवशी मालकासमोर बसताना दोन्ही हात खिशात ठेवले होते.

त्यानं फार ताणून धरलं नाही. विहिरीत टाकलेली तार पंचांसमक्ष त्यानंच काढून दिली. आणि मग मला म्हणाला, "चूक झाली, मान्य. पण सायेब, बाईमाणसानं एकटं जंगलात फिराचं कायले? ते घरी राह्यली असती त आज मी इथं असतो का?"

"वहिवाटीची वाट आहे ती," मी म्हणालो. "तुमच्या आजोबांच्या आधीपासून लोक तिथून चालतात."

तो हसला. ते हसणं मी विसरलो नाही.

गाव मग हळूहळू बोलू लागलं. तार सगळ्यांना माहीत होती. पोलीस पाटलालाही. आपापल्या पोरांना, गुराख्यांना सगळ्यांनी त्या वाटेवर जायला मनाई केली होती. तीन हिवाळे ज्या बाई फाट्यावरच्या टपरीवर चहा प्यायल्या, पोरांना दुर्बिणीतून चक्रवाक दाखवले, त्यांना मात्र एकानंही सांगितलं नाही.

या सगळ्यांचा मला राग आहे. पण तो तिथेच थांबत नाही.

दोषारोपपत्राची तयारी चालू असताना ठाण्याचं दप्तर सांभाळणाऱ्या आमच्या मोहररानं एक कागद माझ्यापुढे ठेवला. आवक नोंदवहीतून सापडलेलं, ऑक्टोबरमधलं पत्र. बाईंच्या वहीतलंच स्वच्छ अक्षर. 'तलावाच्या वाटेवर दुसऱ्या नाल्यापाशी खुंट्यांना उघडी तार बांधलेली दिसली. दिवसा बंद असते, पण रात्री वीज सोडत असावेत. कोणाचा जीव जाईल. कृपया पाहणी करावी.' खाली शेरा: 'वन विभागाकडे वर्ग.' शेऱ्याखाली सही माझी. ते पत्र वाचल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं.

मी ते कागदपत्रांना जोडलं. वरून फोन आला, खटल्याला त्याची गरज नाही म्हणून. मी काढलं नाही. मला ताकिदीचं ज्ञापन मिळालं, वेतनवाढ रोखली गेली. फार स्वस्तात सुटलो.

मालकाला सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणं यासाठी शिक्षा झाली. अपील झालं, तो जामिनावर सुटला. दिग्रसच्या बाजारात अंगणातल्या त्या दोन गाड्यांपैकी एकीतून उतरताना मी त्याला पाहिलं आहे. सालदार साक्षीत शेवटपर्यंत टिकला. गावानं त्याचं काम तोडलं. तो आता एका जिनिंगवर हमाली करतो.

निकालानंतर बाईंचा भाऊ मला भेटायला आला होता.

"ताईनं तुम्हाला पत्र लिहिलं होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"मिळालं होतं?"

"हो."

तो उठला. मग हळूच म्हणाला, "मग गेले काहून नाही कोणी?"

तो चहा न घेता गेला.

नवे अधिकारी कधी घरी येतात, तपासाच्या युक्त्या विचारतात. युक्त्या त्यांना नोकरी शिकवेल. मी एवढंच सांगतो, की गुन्हा घडल्यावर सगळेच धावतात. घडेल असं कोणी कळवलं तर त्याच दिवशी उठून जा. कागद दुसऱ्या खात्याकडे वर्ग करून जबाबदारी वर्ग होत नाही. माझ्या ठाण्यापासून तो नाला जीपनं वीस मिनिटांवर होता.